छोट्या ट्रान्सीव्हरला उलटी पोलॅरिटी : डायोड, फ्यूज की पी-चॅनल मॉस्फेट?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या हॅम (हौशी) रेडिओ क्लबात दुरुस्तीला येणारे पाच वॉटचे ट्रान्सीव्हर, म्हणजे एकाच डब्यात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर असलेले सेट, उघडले की बहुतेक वेळा एकच कारण निघतं. प्लस-मायनस उलटं लागलेलं असतं. अँटेना तुटली, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप) वाढला, पाणी शिरलं, ही कारणं त्यामानाने कमी. म्हणून हा धागा.

नुकताच आलेला सेट अकरावीतल्या एका मुलीने स्वतः जुळवलेला. नियंत्रणाला आर्डुइनो नॅनो, फ्रिक्वेन्सी तयार करायला एसआय ५३५१, ऑडिओला एलएम ३८६, फायनलला (अँटेनाला शक्ती देणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) आयआरएफ ५१० हा मॉस्फेट. काम इतकं नेटकं की प्रत्येक सोल्डरिंग बघत बसावं. फक्त डीसी जॅकपासून बोर्डापर्यंत सरळ तार, मध्ये काही नाही. कोणीतरी गिटारच्या पेडलचा अडॅप्टर त्यात खोचला. पिन तीच, बाहेरून ५.५ आणि आतून २.१ मिलिमीटर, त्यामुळे छान बसली. पण पेडलच्या अडॅप्टरला आतली पिन मायनस असते, आणि आपल्या सेटला आतली प्लस. एलएम ३८६ ला मधोमध तडा, इनपुटचा इलेक्ट्रोलिटिक फुगलेला, नॅनोचा रेग्युलेटर खलास. फायनलची वेगळी तार तेव्हा काढून ठेवलेली होती, रिसीव्हर जुळवणं चालू होतं, म्हणून आयआरएफ ५१० शाबूत राहिला.

सात एएचची बॅटरी असती आणि फायनलही जोडलेला असता तर? मॉस्फेटच्या आत जो बॉडी डायोड असतो तो उलट्या पोलॅरिटीत सरळ होतो. ग्राउंडकडून मॉस्फेट, तिथून चोक, तिथून सप्लायची तार, असा रस्ता मोकळा. अडवणारं काही नाही. बॅटरी द्यायची तेवढा करंट देते आणि बोर्डावरचा सगळ्यांत बारीक ट्रॅक जळतो. जळलेला ट्रॅक एकवेळ तारेने जोडता येतो, पण तोपर्यंत बाकीच्यांचं काय झालं ते सांगता येत नाही.

एक गोष्ट नवीन बांधणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. आर्डुइनो उनोच्या जॅकला उलट्या पोलॅरिटीसाठी डायोड आहे. पण त्याच उनोच्या 'व्हीइन' पिनला नाही, आणि नॅनोच्या 'व्हीइन'लाही नाही. 'आर्डुइनो सांभाळून घेईल' या भरवशावर राहू नका.

आता उपाय. माझं मत आधीच सांगतो : संरक्षण सेटच्या आत, जॅकला लागूनच हवं. केबलमध्ये केलेलं संरक्षण केबल बदलली की जातं. आणि छोट्या सेटसाठी पी-चॅनल मॉस्फेट हाच पहिला पर्याय.

सिरीज डायोड सगळ्यांत सोपा. १एन ४००७ नको, तो एक अँपिअरचाच आहे आणि पाच वॉटचा सेट ट्रान्समिटला दीड-दोन अँपिअर घेतो. शॉटकी (कमी व्होल्टेज खाणारा डायोड) घ्या, १एन ५८२२, तीन अँपिअर, ४० व्होल्ट. दोन अँपिअरला साधारण ०.४५ व्होल्ट खातो, म्हणजे ०.९ वॉटची उष्णता. १२.८ व्होल्टचे १२.३५ झाले तर आउटपुट सुमारे सात टक्क्यांनी उतरतं. डीबीत मोजलं तर ०.३. एस-मीटरची एक पायरी ६ डीबीची, तेव्हा समोरच्याला फरक कळणारही नाही. खरा तोटा होतो तो बॅटरी उतरत आली की. बऱ्याच सेटांवर १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे खालची हद्द ११.७. तिथे पोचल्यावर अर्धा व्होल्ट फार मोठा असतो.

पी-चॅनल मॉस्फेट (गेट, ड्रेन, सोर्स अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) असा लावायचा : बॅटरीचा प्लस ड्रेनला, सेटचा प्लस सोर्सला, गेट दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला. गेट आणि सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या आकड्यावर व्होल्टेज अडवणारा डायोड), कॅथोड सोर्सकडे. सुरुवातीला बॉडी डायोडमधून करंट जातो, सोर्स वर येतो, गेट त्याच्या मानाने मायनस होतं आणि मॉस्फेट पूर्ण उघडतो. उलटं लावलं तर बॉडी डायोडही बंद आणि गेटला उघडणारं व्होल्टेजही नाही. आयआरएफ ९५४०एन चा ऑन रेझिस्टन्स ०.११७ ओहम, दोन अँपिअरला ०.२३ व्होल्ट. आयआरएफ ४९०५ घेतला तर ०.०२ ओहम, म्हणजे त्याच करंटला ४० मिलीव्होल्ट. एवढ्याला हीटसिंकही लागत नाही.

तुम्ही काय वापरता, कुठे अडलं, ते लिहा.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत 'शुभेच्छा')

ट्रान्झिस्टरकाका

भीमाकाठ, लेख छान. पण फ्यूज आणि आडवा डायोड या जोडीला तुम्ही अगदीच बाजूला सारलंत, ते मला पटलं नाही. गाडीत लावायच्या तयार सेटांमध्ये बहुतेक वेळा हीच जोडी असते. १एन ५४०८ सारखा जाड डायोड प्लस आणि ग्राउंडमध्ये उलटा लावायचा, बाहेर तारेत फ्यूज. सरळ पोलॅरिटीत डायोड झोपलेला, करंटच्या वाटेत काहीच नाही, एक मिलीव्होल्टही वाया नाही. उलटं लागलं की डायोड शॉर्ट करतो, फ्यूज उडतो, सेटवर उलटं व्होल्टेज फार तर एक व्होल्ट येतं. नवा फ्यूज घातला की काम झालं.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे सप्लाय उणे ४८ व्होल्ट, प्लस अर्थला. निवृत्तीनंतर या छंदात आलेले आमचे काही सोबती अजूनही बॅटरी बघितली की आधी प्लस ग्राउंडला धरतात, हात तसाच वळलेला आहे. त्यांच्या सेटांना या जोडीनेच वाचवलेलं आहे.

सह्यवारा

काका, बॅटरीवर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण टेबलावरच्या सप्लायवर ते उलटतं. सप्लाय पाच अँपिअरला लिमिट होतो आणि तारेत फ्यूज दहाचा असेल तर फ्यूज उडणारच नाही. तीन अँपिअरच्या डायोडमधून पाच अँपिअर वाहत राहतात, डायोड तापतो, शॉर्ट होतो. शॉर्ट राहिला तोवर सेट वाचतो. ओपन झाला की मात्र सगळं सेटवर.

दुसरं, फ्यूज उडाला आणि डोंगरावर दुसरा नाही, की लोक तार गुंडाळतात. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, फ्यूजचं दुकान नाही. मॉस्फेट लावला असेल तर तार सरळ करायची आणि पुढे बोलायला लागायचं. म्हणून फिरतीच्या सेटला माझं मत मॉस्फेटलाच.

ट्रान्झिस्टरकाका

लिमिटचा मुद्दा मान्य. म्हणूनच फ्यूज सेटच्या गरजेच्या थोडाच वर हवा. पाच वॉटच्या सेटला तीन किंवा चार अँपिअर पुरे, दहा कशाला?

यावरून एक गोष्ट लिहून ठेवतो, पुष्कळांचे पैसे वाचतील. सेट सरळ पोलॅरिटीत लावला तरी लगेच फ्यूज उडतो, स्विच बंद असतानाही उडतो, अशी तक्रार आली की आधी हाच डायोड बघा. कधीतरी उलटं लागलेलं असतं, डायोड शॉर्ट होऊन बसलेला असतो, आणि लोक सेट मेला म्हणून भंगारात द्यायला निघतात. मीटर ओहमवर ठेवा, जॅकच्या दोन टोकांत मोजा, दोन्ही बाजूंनी शून्य दाखवलं तर डायोडचं एक टोक उचला. शॉर्ट गेला तर बाकी सेट बहुधा ठणठणीत असतो. डायोड बदला आणि ऑन एअर या. पण तो बदलल्याशिवाय नुसता कापून टाकू नका.

नवखा_सांगली

नमस्कार सर, नुकतंच हॅम रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स मिळालं. एक शंका. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एन-चॅनल मॉस्फेट भरपूर पडलेत, आयआरएफ झेड ४४एन. त्याचा ऑन रेझिस्टन्स १७.५ मिलीओहम, ४९०५ पेक्षाही कमी, आणि किंमतही कमी. तो मायनसच्या तारेत लावला तर चालेल ना? नेटवर तशी सर्किटं दिसतात.

सर्किटवाली

नवखा, टॉर्चला, मोटरला, एलईडी पट्टीला चालेल. रेडिओला नको. कारण नीट सांगते.

रेडिओचा मायनस एकाच तारेने बाहेर जात नाही. तो चॅसिसला जोडलेला असतो, चॅसिस कोएक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शील्डला, शील्ड अँटेना ट्यूनरला आणि पुढे अर्थ रॉडला. एफटी ८ (कॉम्प्युटर जोडून चालणारा डिजिटल प्रकार) करत असशील तर यूएसबी केबलमधून लॅपटॉपच्या ग्राउंडलाही. आता तू मायनसच्या तारेत मॉस्फेट घातलास. सेट आणि ट्यूनर एकाच वाटप-पट्टीवर आहेत आणि ती पट्टीच बॅटरीला उलटी लागली. ट्यूनरच्या मायनसला मॉस्फेट नाही, त्याच्या चॅसिसवर बॅटरीचा प्लस आला, कोएक्सच्या शील्डमधून तो तुझ्या सेटच्या चॅसिसवर पोचला. मॉस्फेट बंद आहे, पण त्याला वळसा घालून उलटं व्होल्टेज सेटला मिळालंच.

सगळं सरळ असतानाही त्रास आहे. मायनसच्या वाटेत रेझिस्टन्स आला की सेटचा परतीचा करंट थोडा थोडा शील्डमधून आणि यूएसबीच्या ग्राउंडमधून जायला लागतो. मग ऑडिओत घरघर येते आणि दिवसभर तिचं कारण सापडत नाही. रेडिओचा मायनस अखंड ठेवायचा, जे काय अडवायचं ते प्लसमध्ये.

ब्रिज रेक्टिफायर लावून 'कसंही लावा, चालेल' असं करणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे दोन डायोडांचा ड्रॉप जातो तो वेगळाच.

नवखा_सांगली

ताई, समजलं. पण उलटा प्रसंग धरला तर? पट्टी बरोबर आहे, ट्यूनर बरोबर आहे, फक्त माझ्या सेटची तार उलटी लागली. प्लसमध्ये पी-चॅनल आहे. मग सेटच्या चॅसिसवर बॅटरीचा प्लस येणार, आणि शील्डच्या दुसऱ्या टोकाला ट्यूनरचा मायनस. म्हणजे कोएक्सच्या शील्डमधूनच शॉर्ट?

सर्किटवाली

बरोबर पकडलंस. हो, शील्डमधून थेट शॉर्ट. या एका प्रसंगात मायनसमधला मॉस्फेट जास्त कामाचा ठरला असता, हे मान्य. सेट वाचतो, कारण त्याच्या आत करंट जात नाही. पण शील्ड, ट्यूनरची तार, किंवा लॅपटॉप आणि सप्लाय दोन्ही थ्री-पिनवर अर्थ असतील तर यूएसबीची बारीक ग्राउंड तार, यांतून पूर्ण करंट जातो. त्यासाठी दुसरा पहारा हवा, तो म्हणजे बॅटरीपाशी फ्यूज. मॉस्फेट सेटला वाचवतो, फ्यूज तारांना वाचवतो. एक असला म्हणून दुसरा टाळता येत नाही. काका ज्या फ्यूजबद्दल बोलतायत तो मॉस्फेट लावल्यावरही तिथेच राहायला हवा.

आणि सवय लाव : आधी पॉवर जोडायची, मीटरने व्होल्टेज बघायचं, मग कोएक्स आणि यूएसबी.

डोंबिवली_वीस_मीटर

शंभर वॉटच्या सेटला काय करता? २० अँपिअरच्या पुढे जातो तो.

भीमाकाठ

घरच्या स्टेशनला गाडीचा १२ व्होल्टचा रिले, ३० किंवा ४० अँपिअर काँटॅक्टचा. कॉइलच्या सिरीजमध्ये एक १एन ४००७. पोलॅरिटी सरळ असेल तरच कॉइल ओढते आणि काँटॅक्टमधून सेटला प्लस जातो. ड्रॉप जवळपास नाहीच. कॉइल मात्र दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास खात राहते, म्हणून बॅटरीवरच्या छोट्या सेटला हा उपाय नको. काही छोटे रिसीव्हर पूर्ण चालू असतानाही तेवढं घेत नाहीत.

सह्यवारा

मॉस्फेट लावणाऱ्यांसाठी चार गोष्टी, माझ्या बॅगेतल्या सेटांवरून.

टीओ-२२० पॅकेजचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो. आपल्या सर्किटमध्ये ड्रेन म्हणजे बॅटरीचा प्लस. तो पत्रा स्क्रूने चॅसिसवर आवळला की प्लस थेट ग्राउंडला. मायकाचा वॉशर आणि प्लॅस्टिकचं बुश घाला, नाहीतर सरळ हीट-श्रिंकमध्ये गुंडाळून तारेतच ठेवा. दोन अँपिअरला थंडच राहतो.

ड्रेन-सोर्स अदलाबदल झाली तर सरळ पोलॅरिटीत सगळं मस्त चालतं, काही कळत नाही. उलटं लावलं की बॉडी डायोड सरळ होतो आणि संरक्षण शून्य. म्हणून उलटं लावून तपासल्याशिवाय मॉस्फेट लागला असं समजायचं नाही.

बोर्डावर लावायच्या बारीक तुकड्यांत एओ ३४०१ सगळीकडे मिळतो आणि लोक तोच उचलतात. त्याच्या गेट-सोर्सची मर्यादा १२ व्होल्ट आहे. आपला सप्लाय १३.८, आणि चार सेलची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पूर्ण चार्जला १४.६. गेट सरळ ग्राउंडला नेलं तर पहिल्या दिवसापासून मर्यादेबाहेर. एओ ३४०७ घ्या, त्याची मर्यादा २० व्होल्टची. ३४०१ च हाताशी असेल तर झेनर ८ किंवा ९ व्होल्टचा.

आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर आपली पुण्याची तपकीर गल्ली, आणलेला मॉस्फेट मोजूनच लावा. सर्किट जुळवा, एक अँपिअर जाऊ द्या, ड्रेन-सोर्समध्ये मिलीव्होल्ट बघा. ४९०५ ला वीसच्या आसपास, ९५४०एन ला सव्वाशेच्या आत. दोनशे-तीनशे दिसले तर वर काहीही छापलेलं असो, तो तुकडा दुसराच आहे.

डोंबिवली_वीस_मीटर

तपासायचं कसं ते पण सांगा की. सेट जोडून उलटं लावायला माझा हात धजणार नाही.

सह्यवारा

सेट जोडायचाच नाही. सेटच्या जागी गाडीच्या ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब लावा. सरळ पोलॅरिटीत झगझगीत पेटला पाहिजे, उलट्यात पूर्ण काळा. मंद लालसर जरी दिसला तरी लावणी चुकली आहे.

नंतर पहिल्यांदा सेट लावताना तोच बल्ब प्लसच्या तारेत सिरीजला घ्या, इलेक्ट्रिशियन सिरीज लॅम्प लावतात तसा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही. रिसीव्हला बल्ब काळा राहिला, व्होल्टेज ठीक आलं, की बल्ब काढून टाका.

नवखा_सांगली

पॉलीफ्यूज (तुटल्यावर थंड झाला की आपोआप परत जुळणारा) लावला तर? परत परत बदलायची भानगड नाही.

ट्रान्झिस्टरकाका

दुसरा पहारा म्हणून ठीक आहे बाळा, एकटा नको. त्याच्यावर दोन आकडे असतात, एक किती करंट कायम धरेल त्याचा आणि एक किती करंटला तुटेल त्याचा. दुसरा साधारण पहिल्याच्या दुप्पट. शिवाय तो तापून तुटतो, त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आयसी जाऊन सुद्धा येतो. उन्हात तापलेल्या डब्यात तर उलटंच होतं, चालू ट्रान्समिशनमध्ये तुटतो. काचेचा नाहीतर गाडीचा ब्लेड फ्यूज घे, आणि सोबत दोन जास्तीचे टेप लावून डब्यातच चिकटव.

सर्किटवाली

गाडीतून सेट चालवणाऱ्यांनी १.५केई १८ए हा टीव्हीएस (व्होल्टेजचे झटके शोषणारा) डायोड फ्यूजनंतर आडवा टाकावा. तो १५.३ व्होल्टपर्यंत शांत असतो, अल्टरनेटरचे झटके वरचेवर कापतो, आणि एकदिशा असल्यामुळे उलट्या पोलॅरिटीत काकांच्या आडव्या डायोडचं कामही करतो. मॉस्फेट आणि हा, दोन्ही ठेवता येतात. अशा वेळी टीव्हीएस बॅटरीच्या बाजूला, मॉस्फेटच्या आधी.

डोंबिवली_वीस_मीटर

कनेक्टरबद्दल कोणी बोललं नाही. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल असं मला वाटतं. मगर-क्लिप आणि सीसीटीव्हीवाल्यांचे हिरवे स्क्रूचे जॅक, हे दोन आधी बॅगेतून काढा. हिरव्या जॅकवर प्लस-मायनसची खूण इतकी बारीक की टॉर्चच्या उजेडात दिसत नाही.

भीमाकाठ

अगदी. क्लबात आम्ही अँडरसन पॉवरपोल घेतले. नर-मादी भेद नाही, त्यामुळे कुठलीही बॅटरी कुठल्याही सेटला, आणि जोडलेली जोडी उलटी बसतच नाही. १५, ३० आणि ४५ अँपिअरच्या पिना एकाच घरात बसतात. पण लाल आणि काळी घरं एकमेकांत सरकवताना कोणती कुठे हे आपणच ठरवतो, आणि एखाद्याने आरशातल्यासारखी उलटी जोडली तर त्या केबलचा लाल दुसऱ्याच्या काळ्यात जाऊन बसतो. म्हणून एक तयार जोडी खिळ्याला टांगून ठेवली आहे, नवीन केबल तिच्याशी जुळवल्याशिवाय बाहेर जात नाही. रंग जुळले की मगच दोन घरांमधली पिन ठोकायची.

एक्सटी ६० पण चांगला. एका बाजूचे कोपरे कापलेले असतात, जोर केल्याशिवाय उलटा जात नाही, आणि प्लस-मायनस घरावरच कोरलेलं. फक्त बॅटरीकडे नेहमी मादी ठेवा, उघड्या पिना दप्तरात किल्ल्यांना लागतात.

नवखा_सांगली

आज लॅबमध्ये ४९०५ लावला. एक अँपिअरला २३ मिलीव्होल्ट. ब्रेकलाइटचा बल्ब सरळ पोलॅरिटीत पेटला, उलट्यात अजिबात नाही. मॉस्फेट हीट-श्रिंकमध्ये, जॅकच्या मागेच. फ्यूज चार अँपिअरचा ब्लेड आणलाय. तो सेटच्या डब्यात बसवू का बॅटरीच्या?

भीमाकाठ

शाब्बास, आकडा उत्तम आहे. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, त्यापुढे नको. सेटजवळ लावलास तर मधली दोन मीटर तार दारात किंवा बॅगेच्या चेनमध्ये चिरडली जाईल तेव्हा तिला वाचवणारं काही राहणार नाही. सात एएचच्या बॅटरीच्या टर्मिनलला चपटी स्लीव्हवाली क्लिप लाव, होल्डर तिथेच टायने बांध, आणि होल्डरवर '४ अँ' असं लिहून ठेव, म्हणजे दुसरं कोणी त्यात पंधराचा घालणार नाही.

७३